उत्तर मध्ययुगातल्या बहुभाषिक पोथ्यांचं प्रदर्शन ठाण्यात: मांडणी भाषेनुसार की आणखी कशी?

सुलेखा_नौपाडा

नमस्कार मंडळी. नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयात जानेवारीत हस्तलिखितांचं एक छोटं प्रदर्शन भरवायचं ठरलंय. काळ साधारण १३०० ते १६५०. वरच्या मजल्यावरचा वाचनकक्ष त्यासाठी मोकळा करून मिळणार आहे.

सभासदांच्या घरांतून संस्कृत आणि मराठी पोथ्या आल्यात, एक जाडजूड बाड (शिवलेली वही) आहे, मोडी कागदांचे काही रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत. वर फारसी आणि खाली मोडी मजकूर असलेला एक कागदही आहे, तो मला सगळ्यांत लाडका. शिवाय परदेशी ग्रंथालयांनी खुल्या केलेल्या छायाचित्रांवरून लॅटिन, जुनी फ्रेंच, पहलवी (इस्लामपूर्व इराणची भाषा), अरबी अशा पानांच्या प्रतिकृती छापून घेणार आहोत.

कार्यकारिणीचा विचार आहे की प्रत्येक भाषेचं वेगळं टेबल करावं: संस्कृत एक, मराठी एक, फारसी एक, युरोपीय भाषा एका कोपऱ्यात. मला ते पटत नाही. त्या काळातला माणूस एकाच दिवसात तीन-चार भाषांतून वावरत होता आणि अनेक पानांवर त्या भाषा शेजारी शेजारी नांदतायत. आपण त्यांना वेगवेगळ्या खोक्यांत का घालायचं? पण मग दुसरी मांडणी कोणती, हे मला नीट सांगता येत नाहीये. ज्यांनी असं काही केलंय किंवा पाहिलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

तळ्यावरचा

विषय मस्त. वाचतोय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

ग्रंथपाल_निवृत्त

सुलेखाताई, उपक्रमाचं मनापासून अभिनंदन. पण मी कार्यकारिणीच्या बाजूने आहे. येणाऱ्या शंभरातल्या नव्वद लोकांना मोडीसुद्धा वाचता येणार नाही, पहलवीचं तर नावच काढू नका. अनोळखी लिपी एकमेकींत मिसळल्या तर माणूस गोंधळतो आणि पाच मिनिटांत खाली उतरून वर्तमानपत्र उघडून बसतो. भाषेनुसार टेबलं असली की निदान ‘हे फारसी, हे संस्कृत’ एवढं तरी घरी घेऊन जातो. हस्तलिखितांच्या सूचीही आपल्याकडे भाषा आणि विषयवारीनेच होतात, त्यामागे अनुभव आहे.

बोरूवाला_कल्याण

सूची शोधणाऱ्यासाठी असते, काका, आणि प्रदर्शन बघणाऱ्यासाठी. दोन्हींचा क्रम एकच असायला हवा असं मला वाटत नाही.

मी मोडी वाचतो, म्हणून त्या फारसी-मोडी कागदाबद्दल बोलतो. आदिलशाही आणि निजामशाहीत असे द्विभाषिक कागद सर्रास निघत. शिक्का आणि फारसी मजकूर वर, त्याच आशयाचा मराठी मजकूर मोडीत खाली. फारसी दरबारासाठी, मोडी गावच्या देशमुख-कुलकर्ण्यांसाठी. फारसी इतिहासकार फिरिश्ता लिहितो की पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (कारकीर्द १५३४ ते १५५८) महसुलाचे हिशोब फारसीऐवजी हिंदवीत ठेवायला लावले आणि ते काम ब्राह्मण कारकुनांकडे गेलं. आता सांगा, हा कागद फारसीच्या टेबलावर ठेवणार की मराठीच्या? मधोमध फाडणार तर नाही ना!

आणखी एक सुचवतो. कुणाकडे महजर मिळाला तर जरूर मांडा. महजर म्हणजे वतनाच्या तंट्याचा सभेपुढे झालेला निवाडा. त्यावर काझीचा फारसी शिक्का असतो, मोडी मजकूर असतो, आणि खाली ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या निशाण्या. पाटलाचा नांगर, सुताराचं हत्यार. शाळेतली मुलं त्यापुढून हलत नाहीत, हे मी स्वतः पाहिलंय.

अरुंधती_वाशी

मांडणीबद्दल नंतर लिहीन, आधी सुरक्षिततेबद्दल, कारण सभासदांनी विश्वासाने घरातल्या पोथ्या दिल्यात. मी संग्रहालयात जतनाचं काम करते.

जानेवारी निवडलात हे फार चांगलं केलंत. पावसाळ्यात आपल्याकडे हवेत ८० टक्क्यांच्या वर दमटपणा असतो आणि कागदाला साधारण ४५ ते ५५ टक्के मानवतो. खोलीत वातानुकूलन असेल तर एक तर रात्रंदिवस चालू ठेवा, नाहीतर लावूच नका. दिवसा थंड आणि रात्री बंद असा चढउतार पोथीला कायमच्या उकाड्यापेक्षा जास्त त्रास देतो. प्रकाश ५० लक्सच्या आसपास हवा. डोळ्यांना तो सुरुवातीला कमी वाटतो, म्हणून जिन्यापासूनच उजेड हळूहळू कमी करत आणा, मग आत आल्यावर अंधार वाटत नाही. खिडक्यांवर जाड पडदे हवेत आणि फ्लॅश पूर्ण बंद. रंगीत चित्रांचं पान असेल तर दर दोन दिवसांनी पान बदला.

सुट्या पानांची पोथी सपाट ठेवता येते. बाड मात्र शिवलेलं असतं. ते १८० अंशांत उघडून वर काच ठेवली की शिवण तुटलीच म्हणून समजा. त्याला फोमचा व्ही आकाराचा आधार हवा, आणि बाड जेवढं सहज उघडेल तेवढंच उघडायचं. चिकटपट्टी, लॅमिनेशन, स्टेपल यातलं काहीही जवळ आणू नका. हातमोज्यांची गरज नाही. कापडी मोज्यात बोटांना पानाची कड कळत नाही आणि पान फाटतं. हात स्वच्छ धुवून कोरडे केले की पुरे.

एक महत्त्वाचं. पोथ्यांतली शाई बहुतेक काजळ आणि डिंकाची असते. ती उन्हाने फिकी पडत नाही, पण पाण्याच्या थेंबाने पसरते. त्यामुळे पाण्याच्या बाटल्या खालीच ठेवायला सांगा. कुठे पिवळा लेप दिसला तर तो हरताळ. चुकलेलं अक्षर झाकायला वापरत. त्यात आर्सेनिक असतं, म्हणून पान उलटताना बोट ओलं करायची सवय इथे अजिबात चालणार नाही.

शाळेतल्या_बाई

अरुंधतीताई, हा प्रतिसाद छापून आमच्या शाळेच्या वाचनालयात लावणार आहे. चालेल ना?

अरुंधती_वाशी

अवश्य लावा.

ग्रंथपाल_निवृत्त

अरुंधतीताईंच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. त्यात थोडी भर. प्रत्येक घरमालकाला ताबापावती द्या आणि पोथी घेताना त्याच्यासमोरच पानं मोजा, फोटो काढा, फाटलेल्या जागा लिहून घ्या. एका ठिकाणी परत करताना ‘शेवटचं पान होतं की नव्हतं’ यावरून दोन घरांचं बोलणं तुटलेलं मी पाहिलंय. आणि ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेलं हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत बसतं, हे घरमालकांना समजावून सांगा. घाबरवायला नव्हे. उद्या कुणी भंगारवाला किंवा दलाल ‘चांगली किंमत देतो’ म्हणत दारात आला तर त्यांना ठाऊक असावं म्हणून.

आता काळाबद्दल. घरांतून आलेल्या पोथ्या खरंच १६५० च्या आधीच्या आहेत? पुष्पिका, म्हणजे पोथीच्या शेवटची लेखकू-काळाची नोंद, वाचल्यात का? ज्ञानेश्वरी १२९० ची असली तरी हातातली प्रत एकोणिसाव्या शतकातलीही असू शकते.

सुलेखा_नौपाडा

काका, बरोबर बोललात. ज्यांना पुष्पिका आहे त्यांतल्या बहुतेक शके १७०० नंतरच्या निघाल्या, म्हणजे इसवी सनाच्या हिशोबाने १७७८ च्या पुढच्या. ग्रंथ जुना, प्रत नवी. त्या ठेवाव्यात की वगळाव्यात?

बोरूवाला_कल्याण

ठेवा, आणि दोन्ही सालं ठळक लिहा: ‘रचना अमुक, ही प्रत तमुक’. आपल्या हवेत कागद टिकत नाही, म्हणून ग्रंथ पुन्हा पुन्हा उतरवून घेतले गेले. ते उतरवणारे हात नसते तर मूळ ग्रंथही राहिला नसता. ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’ लिहून हात जोडणारा लेखकू मला ग्रंथकर्त्याइतकाच आदरणीय वाटतो.

आणि कालगणनांचा एक तक्ता भिंतीवर लावाच. शकात ७८ मिळवा, विक्रम संवतातून ५७ वजा करा (महिन्यानुसार एखाद्या वर्षाचा फरक पडतो), मोडी कागदांतल्या शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवा. मुलं खिशातून मोबाईल काढून हिशोब करत बसतात.

मिहीर_ऐरोली

मी छपाई आणि मांडणीचं काम करतो. प्रतिकृती चकचकीत कागदावर छापू नका, दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि पान दिसतच नाही. खादीच्या किंवा तशाच मॅट कागदावर, मूळ आकारात छापा. आकार मूळचाच हवा! खिशात मावणारं प्रार्थनापुस्तक भिंतभर मोठं केलं की ते कुणी हातात धरून वापरत होतं ही जाणीवच जाते. प्रत्येक प्रतिकृतीवर ‘प्रतिकृती’ असं स्पष्ट लिहा, आणि त्या त्या ग्रंथालयाच्या वापराच्या अटी वाचून श्रेय द्या.

रोखठोक_कोपरी

माझं मत वेगळं आहे. आपल्या पोथ्यांना आधीच जागा मिळत नाही, लोकांना मोडी येत नाही, आणि ठाण्यातल्या वाचनालयात लॅटिन आणि फ्रेंच पानांच्या झेरॉक्स कशाला? युरोपातली ग्रंथालयं आपल्या ज्ञानेश्वरीचं प्रदर्शन भरवतात का? सगळी जागा मराठीला द्या.

खाडीकाठचा_नाना

रोखठोकराव, तुमची तळमळ समजते. पण लॅटिन ठाण्यात कशाला, याचं उत्तर असं की ठाणं लॅटिनमध्ये आहे. थोडं लांबलचक होईल, पण लिहितोच, कारण मला वाटतं सुलेखाताईंच्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे.

१३२१ च्या एप्रिलमध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर, आणि तिफ्लिसचा दिमित्री, जो भाषा जाणणारा म्हणून त्यांच्याबरोबर होता. त्यांचा सोबती जॉर्डानुस त्या वेळी गावात नव्हता म्हणून वाचला. त्याने लॅटिनमध्ये पत्रं लिहिली. थोड्याच काळाने ओदोरिक नावाचा दुसरा संन्यासी ठाण्यात आला, त्याने त्यांच्या अस्थी उचलून पार चीनपर्यंत नेल्या, आणि परत गेल्यावर १३३० मध्ये आपला प्रवास सांगून लिहवून घेतला. त्याची लॅटिन हकीकत इटालियन, फ्रेंच, जर्मनमध्ये गेली आणि तिच्या शंभराहून जास्त हस्तलिखित प्रती आज युरोपभर आहेत. म्हणजे चौदाव्या-पंधराव्या शतकात युरोपातल्या मठांत बसून लोक आपल्या गावाची हकीकत उतरवून काढत होते!

त्या हकिकतीत ठाण्यात नेस्टोरियन (पूर्वेकडच्या एका पंथाच्या) ख्रिस्त्यांची १५ घरं असल्याचं आहे. संन्यासी त्यांतल्याच एका घरी उतरले होते. त्याआधी १२९८ मध्ये सांगितलेल्या मार्को पोलोच्या ग्रंथातही ठाण्याचं राज्य येतं. तिथला राजा चाच्यांशी संगनमत करून लुटीतले घोडे स्वतःकडे ठेवतो, असं तो म्हणतो.

आता मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट. १३२२ मध्ये, म्हणजे त्या घटनेनंतर दुसऱ्याच वर्षी, याच ठाण्यात मेहेरबान कैखुस्रो नावाचा इराणहून आलेला लेखनिक बसून पहलवी ग्रंथ उतरवत होता. गुजरातेतल्या खंबायतच्या चाहिल नावाच्या पारशी व्यापाऱ्याने त्याला कामाला लावलं होतं. यज्दगर्दी (पारशी कालगणनेतला) सन ६९१. बोरूवालांच्या तक्त्यात हाही घाला, त्यात ६३१ मिळवायचे. अभ्यासक या प्रतीला ‘एमके’ म्हणतात. हिंदुस्थानच्या राजाने इराणच्या बादशहाकडे बुद्धिबळाचा पट पाठवला आणि ‘याचा अर्थ लावा’ म्हणून आव्हान दिलं, ही गोष्ट त्या संग्रहात आहे. हिंदुस्थानातून इराणला गेलेल्या खेळाची गोष्ट इराणी लेखनिक ठाण्यात बसून उतरवतोय! पुढे जामास्पजी जामास्प-आसाना यांनी हे ग्रंथ १८९७ आणि १९१३ अशा दोन भागांत मुंबईत छापले.

याच मेहेरबानने १३२३ मध्ये खंबायतला यस्नाच्या, म्हणजे पारशांच्या प्रार्थनाग्रंथाच्या, प्रती केल्या. त्यांत मूळ अवेस्ता भाषेतला मजकूर, वाक्यागणिक पहलवी भाषांतर, आणि पुष्पिका पहलवीबरोबर संस्कृतातही. एक प्रत आज ऑक्सफर्डला आहे, एक कोपनहेगनला.

तळ्यावरचा

नाना, तलावपाळीवर रोज फेरी मारतो आणि यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. ठाण्याच्या उंदरांबद्दलही काहीतरी लिहिलंय म्हणे त्या ओदोरिकने?

खाडीकाठचा_नाना

हो. कुत्र्याएवढे उंदीर, मांजरांचं काही चालत नाही, कुत्रेच त्यांना धरतात, असं लिहितो. बहुधा घुशी.

मिहीर_ऐरोली

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आजही हेच चालू आहे. सातशे वर्षं अखंड परंपरा 😄

शाळेतल्या_बाई

घुशीचं पान मुलांच्या उंचीवर लावा, बाकीचं प्रदर्शन ती आपोआप बघतील. हे मी गंभीरपणे सांगतेय.

रोखठोक_कोपरी

नाना, हे वाचून माझा लॅटिनवरचा आक्षेप निम्मा गेला. उरलेला निम्मा असा: ते चार संन्यासी मारले गेले ही गोष्ट आजच्या दिवसांत भिंतीवर लावणार? कुणीतरी तिचा झेंडा करेल. परवा एका व्याख्यानात भलत्याच गोष्टीवरून वाद पेटलेला पाहिलाय.

अरुंधती_वाशी

हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि टाळून चालणार नाही. आमच्याकडे अशा वेळी एक नियम पाळतो: ओळपाटीवर (वस्तूशेजारच्या माहितीच्या पाटीवर) हकीकत कुणाची आहे हे पहिल्याच वाक्यात यायला हवं. ‘१३२१ मध्ये ठाण्यात असं घडलं’ असं न लिहिता ‘ओदोरिक सांगतो की’ असं लिहायचं. हुतात्म्यांच्या कथा सांगण्याची त्या काळी एक ठरलेली पद्धत होती आणि तो त्या पद्धतीने सांगतोय, हेही एका वाक्यात यावं. शिवाय रक्तरंजित चित्र मोठं करून लावू नये. पण गोष्ट गाळूही नये. गाळली तर ठाण्याचं नाव लॅटिनमध्ये का पोचलं हेच कळणार नाही.

खाडीकाठचा_नाना

सहमत. मूळ हकिकतीत तंट्याची सुरुवातच मुळी घरगुती आहे. ज्या घरी ते उतरले होते तिथल्या नवऱ्याने बायकोला मारलं, तिने काझीकडे दाद मागितली, आणि साक्षीदार म्हणून संन्याशांची नावं पुढे आली. हे लिहिलं की वाचणाऱ्याला आधी माणसं दिसतात.

ग्रंथपाल_निवृत्त

नानांचा मोठा प्रतिसाद रात्री पुन्हा वाचला. माझा मुद्दा लोक गोंधळतात हा होता आणि तो अजून कायम आहे. पण भाषेऐवजी गाव हा धागा धरला तर गोंधळ होणार नाही असं वाटतं. माणसाला आपलं गाव ओळखीचं असतं, तिथून तो अनोळखी लिपीकडे जाईल. फक्त प्रत्येक पानाशेजारी तीन गोष्टी हव्यात: दोन ओळींचं लिप्यंतर, मराठी अर्थ, आणि मूळ प्रत आज कुठे आहे.

आणखी दोन गोष्टी. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्याच्या परिसरात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचे ताम्रपट सापडले. शके ९३९, म्हणजे इसवी सन १०१७. काळ तुमच्या मर्यादेच्या आधीचा आहे, पण प्रवेशाशी एक फोटो लावा, कारण ठाण्यात लेखनाचा इतिहास किती मागे जातो ते दिसतं. दुसरं, वि. ल. भावे. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ मध्ये उभं करणाऱ्यांत ते होते आणि महानुभावांच्या सांकेतिक लिपीतलं वाङ्मय मराठी वाचकांपुढे आणण्यातही. ज्या गावातल्या माणसाने बंद लिपीचं कुलूप उघडलं, तिथे सांकेतिक लिपीचं एक पान नसेल तर प्रदर्शन अपुरं राहील.

बोरूवाला_कल्याण

व्वा काका! आणि महिकावतीची बखर विसरू नका. राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापली. तिच्यातला केशवाचार्यांचा जुना भाग १४४८ चा, आणि साष्टी-उत्तर कोकण हाच तिचा मुलूख. लॅटिनमध्ये बाहेरच्याने पाहिलेलं ठाणं आणि बखरीत इथल्या माणसाने सांगितलेला हा मुलूख, दोन्ही पानं शेजारी ठेवा.

अनुपमा_नेरूळ

धागा आजच पाहिला. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाचं क्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची मराठी पद्यकथा, घेणार का? १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं. मराठी ओव्या, रोमन अक्षरं. लंडनच्या मार्सडेन संग्रहात त्याची देवनागरी हस्तलिखित प्रतही आहे. एकच ओवी दोन लिप्यांत शेजारी लावली तर बघणाऱ्याला वाचता येईल, ऐकताही येईल. कुणी खड्या आवाजात म्हणून दाखवली तर फारच छान. मी यायला तयार आहे.

मिहीर_ऐरोली

पण १६१६ म्हणजे उत्तर मध्ययुग कसलं? युरोपात ते १५०० च्या आसपास संपतं.

बोरूवाला_कल्याण

युरोपचं घड्याळ इथे कशाला लावायचं? आपल्याकडे यादवांच्या अस्तापासून शिवकाळापर्यंतचा पट एकसलग वाचता येतो. कागद, बोरू, लेखकू, दफ्तर, सगळं तेच राहतं. ताईंनी १६५० ची सीमा धरली आहे ती मला योग्य वाटते.

मिहीर_ऐरोली

पूर्ण पटलं नाही, पण क्रिस्तपुराण दोन लिप्यांत मांडण्याची कल्पना इतकी चांगली आहे की वाद घालत नाही. अक्षरजुळणी मी करून देतो.

फिरस्ता_घोडबंदर

अवांतर: ज्यांना खरी जुनी पानं बघायची आहेत त्यांच्यासाठी, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत दान्तेच्या महाकाव्याचं हस्तलिखित आहे आणि १५१६ चं सचित्र आरण्यकपर्वही आहे. ठाण्याहून लोकलने सीएसएमटी, तिथून चालत. दोन्ही एका छताखाली असलेली जागा जगात किती असतील?

सुलेखा_नौपाडा

सगळ्यांचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. काल कार्यकारिणीत हा धागा वाचून दाखवला. भाषावार टेबलांचा विचार मागे पडला.

आता मांडणी अशी. जिन्याशी ताम्रपटाचा फोटो. खोलीच्या मधोमध एकच लांब टेबल, ‘ठाणे, १३२१ ते १३२३’. त्यावर ओदोरिकचं लॅटिन पान, त्याच मजकुराचं फ्रेंच भाषांतराचं पान, मेहेरबानच्या अवेस्ता-पहलवी पानाची प्रतिकृती आणि संस्कृत पुष्पिका. तिथून डावीकडे बखर, सांकेतिक लिपी, घरच्या पोथ्या आणि बाड, दोन्ही सालांसकट. उजवीकडे फारसी-मोडी कागद आणि क्रिस्तपुराण, आणि मिळाला तर महजर. रोखठोकरावांनी मराठी भागाच्या ओळपाट्या तपासायचं कबूल केलंय, त्याचा मला फार आनंद झाला. नाना, घुशीचं पान मुलांच्या उंचीवर लागतंय.

दोन प्रश्न उरलेत. ओळपाटी किती शब्दांची असावी? आणि बाडासाठी फोमचा आधार ठाण्यात कुठे करून मिळेल?

रोखठोक_कोपरी

साठ-सत्तर शब्दांच्या वर नको. उभ्याने वाचायचं असतं. अक्षर मोठं ठेवा, ज्येष्ठ मंडळी पुष्कळ येतील.

अरुंधती_वाशी

आधार विकत घेऊ नका, मी करून देते. शनिवारी सकाळी वाचनालयात येते. बाडाची लांबी, रुंदी, जाडी आणि ते कितपत सहज उघडतं हे आधी मोजावं लागेल, तोवर ते कापडात गुंडाळून आडवंच ठेवा. फोम आम्लमुक्त हवा, साधा थर्माकोल चालणार नाही. येताना माझा लक्समापकही आणते, म्हणजे पडदे कुठे हवेत ते त्याच वेळी ठरेल. बोरूवाला, तुम्हीही आलात तर मोडी रुमालांतलं कोणतं पान उघडायचं ते तिथेच निवडू.

बोरूवाला_कल्याण

येतो. दहापर्यंत पोचेन.